घरच्यांसाठीचे नियम कागदावर लिहावेत का?

कोरा_कागद :
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी एचआरमध्ये आहे. आधी एका मोठ्या कंपनीत होते, तिथे मालक नावाचा माणूस कुणी पाहिलाच नव्हता. सव्वा वर्षापूर्वी एका कौटुंबिक मालकीच्या कारखान्यात आले. पावणेदोनशे माणसं. इथे मालक रोज सकाळी गेटच्या आत उभे असतात आणि निम्म्या लोकांना नावाने हाक मारतात.

आल्या आल्या काम मिळालं : पॉलिसी लिहा. भरती, बढती, पगारवाढ, रजा, शिस्तभंग, सगळी. त्याआधी इथे एक जुनी वही होती आणि मालकांची स्मरणशक्ती होती. चार महिने खपून मी ४० पानं लिहिली. मालकांनी शब्दन् शब्द वाचला (आधीच्या कंपनीत माझ्या साहेबांनीही वाचला नसता), पेन्सिलने खुणा केल्या आणि परत देताना म्हणाले, "चांगलं झालंय. हे घरच्यांना लागू नाही, एवढं फक्त कुठे लिहू नका. ते कळतंच सगळ्यांना."

घरचे म्हणजे मुलगा, थोरली सून, पुतण्या आणि मेहुणे. मुलगा आणि सून मनापासून काम करतात. पुतण्याचं पद कुणालाच नीट सांगता येत नाही. पगारपत्रकात 'एक्झिक्युटिव्ह' आहे, पण त्याने हात वर केला की गेटवरचा ट्रक थांबतो. मेहुणे खरेदी बघतात. त्यांची हजेरी लागत नाही, कारण लावायला सांगायचं कुणी?

आता दुसरी बाजू. गेल्या वर्षी चार महिने ऑर्डरी निम्म्यावर आल्या. एकाही माणसाला काढलं नाही. मालकांनी घरच्या सगळ्यांचे पगार थांबवले, मेहुण्यांचासुद्धा, आणि कामगारांचे पगार तारखेला केले. माझ्या आधीच्या कंपनीने तसल्याच वेळी एका ईमेलवर माणसं कमी केली होती, पॉलिसीतलं प्रत्येक कलम पाळून.

त्यामुळे माझा गोंधळ झालाय. घरच्यांसाठीचे नियम लिहायचा आग्रह धरू का? की जे अलिखित आहे त्यातूनच हे चांगुलपणही येतंय, आणि मी कागद पुढे केला तर दोन्ही जाईल?

फुलस्टॉप :
मेहुणे आणि खरेदी विभाग. या पत्रिका जुळवतं कोण?

आडवा_प्रश्न :
लिहून काय होणार आहे? कारखाना त्यांचा, बुडाला तर पैसाही त्यांचा. मुलाला घेतला तर बिघडलं कुठे? वशिला मोठ्या कंपन्यांतही चालतो. तिथे त्याला 'रेफरल' म्हणतात आणि वर बोनस देतात.

जुनी_फाईल :
कोरा_कागद, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. लांबण लागेल.

मी एकाच फर्ममध्ये ३१ वर्षं हिशेब लिहिले. पहिली २२ थोरल्या मालकांच्या हाताखाली. पगार बाहेरच्यापेक्षा कमी होता, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. आकडेच माझ्या हातात असायचे, कोण कुणाला फसवणार? तीनदा बाहेरून बोलावणं आलं. तिन्ही वेळा थोरल्या मालकांनी केबिनमध्ये बसवून एकच वाक्य सांगितलं : "मी आहे तोवर तुमच्या नोकरीला धक्का नाही." आणि तो शब्द त्यांनी पाळला. मी आजारी होतो तेव्हा पाच महिने पगार घरी आला. कुठल्या नियमात बसवला, विचारू नका, नोंद मीच नंतर 'किरकोळ'मध्ये टाकली.

मग ते गेले. मुलगा आला. मुलगा वाईट नव्हता, हे आधी सांगतो. शिकलेला, मेहनती. त्याने सल्लागार आणले, प्रत्येक पदाचा बाजारातला पगार काढला आणि मला बोलावून सांगितलं की काका, तुमच्या पदाची आता गरज उरलेली नाही, पण सन्मानाने करू. मी वडिलांच्या शब्दाची आठवण दिली. तो खरोखर गोंधळला. म्हणाला, "ते कुठे लिहिलंय का?"

मी २२ वर्षं विम्याचा हप्ता भरत होतो हो. दर महिन्याला कमी घेतलेला पगार हा हप्ताच होता की. फक्त पॉलिसीचा कागद कुणी दिला नव्हता आणि मीही मागितला नव्हता. पुढची ९ वर्षं टिकलो, पण ती कशी टिकलो ते वेगळ्या धाग्याचं प्रकरण आहे.

तेव्हा लिहून घ्या. घरच्यांचं नंतर बघा, आधी त्या चार महिन्यांचं लिहून घ्या.

मधली_सुट्टी :
काका, _/\_

संदर्भासहित :
जुनी_फाईल यांनी जो हप्ता म्हटलाय तो अर्थशास्त्रज्ञांनी मोजून दाखवला आहे, म्हणून थोडं लिहितो.

फ्रान्समध्ये बासानिनी, ब्रेडा, कारोली आणि रेबेरियू या चौघांनी कंपन्यांच्या आणि त्यांतल्या कामगारांच्या नोंदी एकमेकींना जोडून अभ्यास केला, २०१३ साली प्रसिद्ध झाला. कुटुंबाच्या मालकीच्या कंपन्या सरासरी कमी पगार देतात. यातला काही भाग असा, की कमी पगाराची माणसं तिकडे जास्त वळतात. पण तेवढंच नाही. तोच माणूस दोन्हीकडे ठेवून पाहिला तरी कौटुंबिक कंपनीत त्याला कमी मिळतं. त्या बदल्यात काढून टाकण्याचं प्रमाण कमी, आणि 'आपली नोकरी जाईल' ही भीतीही कमी. माणसं कमी करायची वेळ आलीच, तर या कंपन्या आहेत त्यांना काढण्यापेक्षा नवी भरती थांबवतात.

त्याआधी २००७ मध्ये स्रेर आणि तेस्मार यांनी फ्रेंच शेअर बाजारातल्या १९९४ ते २००० या काळातल्या कंपन्या तपासल्या होत्या. संस्थापकाच्या वारसांनी चालवलेल्या कंपन्यांत पगार कमी (कौशल्य आणि वय यांचा फरक वजा करूनही), पण धंद्यात चढउतार आले तरी नोकऱ्या तुलनेने स्थिर. म्हणजे न लिहिलेला करार पाळला जातो. वारसाकडूनही.

जुनी_फाईल, तुमच्या वाट्याला तो आला नाही, याचं वाईट वाटलं. सरासरी पाहून कुणाचा पगार होत नाही.

आडवा_प्रश्न :
म्हणजे माझंच म्हणणं खरं ना? कमी पगार, पक्की नोकरी, सौदा झाला. ज्याला नको त्याने जावं.

आणि ही 'सुरक्षितता' जरा उलटी धरून बघा. ज्यांना बाहेर भाव आहे ते निघून जातात, ज्यांना नाही ते 'निष्ठावंत' म्हणून उरतात. वीस वर्षांनी मालक म्हणतो, माझी माणसं बघा कशी मिठाला जागतात. अहो, त्यांना जायला जागा नाही!

संदर्भासहित :
अर्धं मान्य. पण सौदा म्हणायचा तर दोन्ही बाजूंना अटी ठाऊक हव्यात. इथे एका बाजूने हप्ता नियमित जातो आणि दुसऱ्या बाजूने भरपाई कधी, किती, कुणाला, हे एकट्या माणसाच्या मर्जीवर असतं. आणि तो माणूस अमर नसतो.

वशिल्याबद्दल. ब्लूम आणि व्हॅन रीनन यांनी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीतल्या मध्यम आकाराच्या ७३२ उत्पादक कंपन्यांच्या व्यवस्थापनाला गुण दिले (२००७). उद्दिष्टं कशी ठरतात, कामाचा मागोवा कसा घेतात, चांगल्या माणसाला वर कसं आणतात, असे प्रश्न होते. नुसती कौटुंबिक मालकी असलेल्या कंपन्या मुळीच मागे नव्हत्या. मागे पडल्या त्या, जिथे गादी थोरल्या मुलाकडे थोरला म्हणून गेली.

डेन्मार्कचा अभ्यास तर मला फार आवडतो (बेनेडसेन, नील्सन, पेरेझ-गोन्झालेझ, वुल्फेन्झन, तोही २००७). अडचण अशी असते की वारस नेमलेल्या आणि बाहेरचा माणूस नेमलेल्या कंपन्या मुळातच वेगळ्या असू शकतात, मग तुलना करायची कशी? यांनी शक्कल लढवली. पहिलं अपत्य मुलगा की मुलगी, हे कंपनीच्या तब्येतीवर ठरत नाही. पण पहिला मुलगा असला की सूत्रं घरात राहण्याची शक्यता वाढते. तो धागा पकडून हिशेब केला, तर घरातल्या वारसाकडे सूत्रं गेल्यावर मालमत्तेच्या तुलनेत नफ्याचं प्रमाण किमान ४ टक्के अंकांनी खाली आलं.

फ्रान्स म्हणतं वारसही शब्द पाळतात, डेन्मार्क म्हणतं वारस महागात पडतात. माझ्या मते शेअर बाजारापर्यंत पोचलेले वारस हे आधीच गाळून आलेले असतात. पण हे माझं मत, वाद घालायला हरकत नाही.

तिसरी_पिढी :
हा धागा दोन दिवस वाचतेय. सगळे बाहेरचे घरच्यांबद्दल बोलताय, तर एक घरची बोलते.

मी आजोबांनी सुरू केलेल्या कंपनीत शिक्षण संपल्यावर दुसऱ्या सोमवारी रुजू झाले. मुलाखत नाही, पद नाही. भावाला प्रॉडक्शन मिळालं. मला 'तुला माणसांची आवड आहे' म्हणून एचआर. (माणसांची आवड भावाला जास्त आहे. मला मशीन आवडायची. कुणी विचारलं नाही.)

तुम्हाला वाटतं की घरच्यांना नियम नाहीत म्हणजे मजा. सहा वर्षांत माझं एकदाही अप्रेझल झालं नाही. माझ्या हाताखालच्या प्रत्येकाचं मी केलं. मी बरी आहे की वाईट, हे मला सांगायची कुणाची हिंमत नव्हती. माझ्या चुका मला रात्री घरी जेवताना कळायच्या, सगळ्यांसमोर, आणि त्या कामातल्या चुका राहायच्या नाहीत, स्वभावातले दोष व्हायच्या. चांगलं झालेलं काम मात्र कुणी घरी आणत नसे.

पगाराचं तर विचारूच नका. बाबांचं तत्त्व, दोन्ही मुलं सारखी, म्हणून दोघांना सारखा पगार. भाऊ बारा तास राबायचा, मी आठ. त्याला ते लागायचं आणि मला त्याच्या लागण्याचं ओझं. पगार कामाचा, नफ्यातला वाटा मालकीचा, आणि प्रेम अपत्य म्हणून, हे तीन वेगळे हिशेब आहेत हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. सगळं एकाच पाकिटात यायचं.

शेवटी मी बाहेर पडले आणि दुसरीकडे चार वर्षं नोकरी केली. तिथे पहिल्या अप्रेझलमध्ये साहेबांनी तीन गोष्टी सुधारायला सांगितल्या, तर मी घरी येऊन रडले. वाईट वाटून नाही!

कोरा_कागद, त्या पुतण्याला विचारलंय का कुणी, त्याला काय हवंय?

कोरा_कागद :
नाही विचारलं. खरंच नाही विचारलं. मी त्याला फक्त 'अडचण' या रकान्यात टाकला होता.

संदर्भासहित :
तिसरी_पिढी, तुम्ही जे तीन हिशेब म्हणालात ते हार्वर्डमध्ये १९७८ साली ताजिउरी आणि डेव्हिस यांनी तीन वर्तुळं काढून दाखवले होते : कुटुंब, मालकी, व्यवसाय. एकमेकांवर चढलेली. काही जण एकाच वर्तुळात, काही दोन वर्तुळांत, एखादा तिन्हींत. भांडण कशावरून आहे हे कळत नसेल, तर कोण कुठल्या वर्तुळातून बोलतंय ते आधी बघायचं. तुमचे बाबा कुटुंबाच्या वर्तुळात बसून व्यवसायाच्या वर्तुळातला पगार ठरवत होते.

घरचा आणि बाहेरचा यांना आपोआप वेगळ्या मापाने मोजण्याला व्हर्बेके आणि कानो यांनी २०१२ मध्ये एक भारदस्त इंग्रजी नाव दिलंय. नाव देत नाही, कारण आपल्याकडे ते आधीपासून आहे : आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

फुलस्टॉप :
आणि बाब्याला खरेदी विभाग.

भाड्याचा_सीईओ :
बाहेरून आणलेला 'व्यावसायिक' सीईओ म्हणून अडीच वर्षं काढली, त्या अनुभवावरून थोडक्यात. सोमवार ते शुक्रवार निर्णय मी घ्यायचो. रविवारी कुटुंब एकत्र बसायचं. सोमवारी निर्णय बदललेला असायचा. कुणी उलटवला, कुठल्या बैठकीत, इतिवृत्त कुठे? काही नाही. माझ्या हाताखालच्या मॅनेजरांनीही हळूहळू शिकून घेतलं की महत्त्वाचं काही असलं तर शुक्रवारी साहेबांना विचारण्यापेक्षा शनिवारी धाकट्या मालकांना फोन करावा.

पगार उत्तम होता, हे नोंदवतो. भाडं चांगलं देत होते, पण भिंतीत खिळा ठोकायची परवानगी नव्हती.

मधली_सुट्टी :
मला इतिहासाचा नाद, म्हणून एक अवांतर. 'आपण सगळे एक कुटुंब' हे मालकांचं आवडतं वाक्य काही आजचं नाही. जर्मनीत एसेनमध्ये क्रुप या पोलाद कंपनीने कामगारांसाठी आजारपणाचा निधी, पेन्शन, घरांच्या वसाहती उभ्या केल्या, तेही एकोणिसाव्या शतकात. त्या काळाच्या मानाने मोठीच गोष्ट. पण घर नोकरीला बांधलेलं, नोकरी गेली की घर गेलं. १८७७ मध्ये मालक आल्फ्रेड क्रुपने कामगारांसाठी एक पत्रक काढलं, त्यात सांगितलं की राजकारणाच्या भानगडीत पडू नका, घरदार आणि मुलंबाळं बघा. कामगारांसाठी त्याने जो जर्मन शब्द वापरला, तो संस्थेच्या माणसांसाठीही चालतो आणि नातेवाइकांसाठीही.

कुटुंब म्हटलं की माया आली, तसा कर्ता पुरुषही आला. कर्त्याला उलट विचारायचं नसतं.

ब्रिटनमध्ये कॅडबरी बंधूंनी १८७९ साली कारखाना बर्नव्हिलला नेला, पुढे जॉर्ज कॅडबरीने शेजारी गाव वसवलं. मात्र ती घरं फक्त स्वतःच्या कामगारांपुरती ठेवली नाहीत आणि १९०० मध्ये ते गाव एका विश्वस्त संस्थेच्या हवाली केलं. मला दोघांतला हा फरक मोठा वाटतो.

आडवा_प्रश्न :
बरं, मान्य करतो की वारस हा अडचणीचा भाग आहे. मग उपाय काय, मुलंच होऊ द्यायची नाहीत?

मधली_सुट्टी :
जपानी लोकांनी त्यावर तोडगा काढला : मुलगा बरा नसला तर दुसरा दत्तक घ्यायचा, चांगला मोठा झालेला, पारखून. बहुतेक वेळा जावईच. ओसामू मात्सुदा नावाचा बँकेतला तरुण १९५८ साली सुझुकी घराण्यात लग्न करून आला, त्याने आडनाव घेतलं, १९७८ मध्ये सुझुकी मोटरचा अध्यक्ष झाला आणि पुढे कित्येक दशकं कंपनी त्यानेच गाजवली. २०१३ चा एक अभ्यास आहे (मेहरोत्रा आणि सहकारी), त्यात दत्तक वारसांच्या कंपन्या रक्ताच्या वारसांच्या कंपन्यांपेक्षा सरस ठरल्या. लेखकांचा तर्क असा की दत्तक घेण्याची धमकी डोक्यावर असली की पोटचा पोरगाही हातपाय हलवतो.

फुलस्टॉप :
थोडक्यात, मेहुण्याऐवजी जावई.

जुनी_फाईल :
घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं!

तिसरी_पिढी :
हसू आलं, पण जावयाची मुलाखत होते एवढं तरी त्यात आहेच ना.

माझ्या बाहेरच्या चार वर्षांनंतर आम्ही घरी बसून जे ठरवलं ते सांगते. घरचं कुणी यायचं असेल तर आधी बाहेर किमान तीन वर्षं नोकरी, आणि तिथे एक तरी बढती मिळालेली हवी. जागा खरोखर रिकामी हवी, माणसासाठी जागा तयार करायची नाही. पगार पदाचा. रिपोर्टिंग शक्य तोवर घराबाहेरच्या माणसाला, आणि त्या माणसाला लेखी अभय, की खरं अप्रेझल लिहिलं म्हणून त्याचं काही बिघडणार नाही. हे शेवटचं कलम सगळ्यांत महत्त्वाचं. बाबा त्यावर सर्वांत जास्त अडले.

आणि हो, नियम यायच्या आधी करायचे. आत आलेल्या माणसाला समोर ठेवून नियम केला की तो नियम राहत नाही, शिक्षा होते.

संदर्भासहित :
कोरा_कागद, मालकांशी बोलाल तेव्हा फक्त नफ्यातोट्याची भाषा वापरू नका. गोमेझ-मेहिया आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दक्षिण स्पेनमधल्या १,२३७ कौटुंबिक तेलघाण्यांचा अभ्यास केला, ऑलिव्हच्या. सहकारी संस्थेत सामील झालं तर धंद्यातली जोखीम कमी होत होती. तरी बरीच कुटुंबं गेली नाहीत, कारण घाणा आपल्या हातात राहणार नव्हता. नियंत्रण, नाव, पुढच्या पिढीला काहीतरी सोपवण्याची आशा, हीही त्यांच्या लेखी संपत्तीच होती. तुमच्या मालकांना पुतण्याचा खर्च कळत नाही असं नाही. ते दुसऱ्या वहीत लिहितात.

कोरा_कागद :
अपडेट द्यायला तीन आठवडे लागले, माफ करा.

तुमचं सगळं वाचून मी ४० पानं बाजूला ठेवली आणि एकच पान लिहिलं. वरच्या अर्ध्यात घरच्यांसाठी : तिसरी_पिढी यांच्या अटी, थोड्या मवाळ करून, आणि जे आत आहेत त्यांच्यासाठी फक्त पद, जबाबदारी, हजेरी आणि अप्रेझल. खालच्या अर्ध्यात जुनी_फाईल यांच्यासाठी : मंदी आली तर कुठल्या क्रमाने काय कमी होईल. आधी घरच्यांचा पगार, मग नवी भरती बंद, मग ओव्हरटाइम बंद, आणि माणसं सगळ्यांत शेवटी. म्हणजे गेल्या वर्षी त्यांनी जे केलं, तेच.

मला वाटलं होतं वरच्या अर्ध्यावर भांडण होईल आणि खालचा अर्धा हसत मंजूर होईल. झालं नेमकं उलटं! वरचा भाग त्यांनी दोनदा वाचला, मेहुण्यांच्या नावावर थोडा वेळ थांबले आणि सही केली. म्हणाले, "कधीतरी करायचंच होतं." खालचा भाग वाचून मात्र चेहरा उतरला. "हे मी केलंच असतं. लिहिलं की मग ते मी केलं असं राहत नाही. कलमाने केलं असं होतं."

काय बोलावं कळेना. मी जुनी_फाईल यांची गोष्ट नाव न घेता सांगितली, "ते कुठे लिहिलंय का" पर्यंत. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, माझा मुलगा असं नाही करणार. मग पान मधोमध घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

पुतण्याशी बोलले. त्याला मार्केटिंगमध्ये जायचंय, काकांना सांगायची भीती वाटते. गेली तीन वर्षं.

जुनी_फाईल :
ड्रॉवरला कुलूप लावलं का?

कोरा_कागद :
नाही लावलं काका. मी बघितलं.

बाकी मेहुण्यांची हजेरी सुरू झाली. रोज नऊला सही असते, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. परवा कारखान्याला सुट्टी होती, त्या दिवशीचीही आहे.